थीटा लहरी ऐकत झोपल्यास स्वप्नातून भविष्यकाळात जाता येते का?

तुमच्या प्रश्नाचे पहिले वाक्य वाचून उत्तर न लिहिण्याचे ठरवले होते. थीटा लहरींची ध्वनिफीत कानाला लावून झोपले तर भविष्यकाळात जाता येते का, असे विचारणारे आता पैशाला पासरी झाले आहेत. पुढे मात्र तुम्ही लिहिले आहे की गेल्या वर्षात तुमची तीन स्वप्ने जशीच्या तशी खरी झाली आणि घरचे विश्वास ठेवत नाहीत. हे वाक्य मी माझ्या थोरल्या भावाच्या तोंडून तीस वर्षे ऐकत आलो आहे, आणि विश्वास न ठेवणारा तो घरचा माणूस मी आहे. शिवाय झोपलेल्या माणसांच्या डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरींचे आलेख काढणे हे बावीस वर्षे माझे पोटापाण्याचे काम होते. तेव्हा लिहिणे भाग आहे.

सरळ उत्तर असे की जाता येत नाही. थीटा म्हणजे सेकंदाला साधारण 4 ते 8 आवर्तने, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. त्याखालच्या डेल्टा, वरच्या अल्फा आणि बीटा ही सगळी आलेख वाचणाऱ्यांनी सोयीसाठी पाडलेल्या कप्प्यांची नावे आहेत. टाळूवर मिळणारा विद्युतदाब काही दशक मायक्रोव्होल्टचा, म्हणजे व्होल्टच्या दहा लाखाव्या भागाच्या हिशेबातला असतो; एखादी तार नीट चिकटली नाही, तर वीजपुरवठ्याचा गुणगुणाट त्याला सहज गिळून टाकतो. मेंदूच्या असंख्य पेशी एकाच ठेक्यात काम करू लागल्या की त्याची जी खूण बाहेर उमटते, तिला आपण लहर म्हणतो. ती खूण आहे, वाहन नव्हे. आगगाडीच्या धुरावर बसून कोणी गावाला जात नाही. पृथ्वीभोवती विजांच्या कडकडाटाने घुमणाऱ्या विद्युतचुंबकीय लहरींचा, म्हणजे शूमान अनुनादाचा, सेकंदाला 7.83 आवर्तने हा आकडा थीटाच्या कप्प्यात बसतो म्हणून त्यातून काळाचे दार उघडते असे सांगणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे की दोन घड्याळांत एकच वेळ दिसली म्हणून ती एकमेकांशी बोलत नसतात. आणि जिच्यात ठसठशीत स्वप्ने पडतात, त्या झोपेचा आलेख संथ थीटाचा नसून कमी उंचीच्या मिश्र लहरींचा, जवळजवळ जाग्या माणसासारखा असतो. तुमची ध्वनिफीत विकणाऱ्याने बहुधा असा आलेख कधी पाहिलेला नाही.

आता दादाविषयी. तो माझ्या विभागात एका रात्रीसाठी आला होता, तेही घोरण्याच्या तक्रारीवरून. वहिनी कंटाळली होती, डॉक्टरांनी झोपेची तपासणी लिहून दिली आणि नेमकी त्या रात्री पाळी माझी होती. कातडी खरबरीत जेलने घासायची, पेस्टचा लहानसा गोळा ठेवायचा, त्यावर वाटीच्या आकाराचा इलेक्ट्रोड दाबायचा आणि वर गॉजची घडी बसवायची, असे टाळूवर, डोळ्यांच्या कडेला आणि हनुवटीखाली करता करता पाऊण तास जातो. तेवढा वेळ दादा बोलत होता. तारा जोडून झाल्यावर मी नेहमीप्रमाणे त्याला डोळे मिटायला सांगितले. डोक्याच्या मागच्या बाजूच्या तारांत अल्फाची लय उमटली, डोळे उघडायला सांगताच ती मोडली. पलीकडून तो ओरडला, "हीच ना बर्गरची लय?"

बर्गर हे त्याचे आवडते हत्यार होते, आणि ते बोथट नव्हते. हान्स बर्गर हा जर्मन मनोविकारतज्ज्ञ तरुणपणी सैन्यात असताना घोड्यावरून पडला आणि तोफगाड्याच्या चाकाखाली जाता जाता वाचला. त्याच दिवशी घरून त्याच्या खुशालीची चौकशी करणारी तार आली, कारण त्याच्या बहिणीला भावाचे काहीतरी बरे नाही असे आतून वाटले होते. मन मनापर्यंत कसे पोचते हे शोधण्याच्या ध्यासाने त्याने पुढे मेंदूच्या विजेचा माग काढला, 1924 साली माणसाच्या मेंदूचा पहिला आलेख मिळवला आणि 1929 साली तो प्रसिद्ध केला. दादाचे म्हणणे असे की हे यंत्रच मुळी अशा एका अनुभवातून जन्माला आले, आणि ते चालवणारा तू त्या अनुभवाला हसतोस. मी म्हणत असे की बर्गरने शोधायला घेतले एक आणि हाती लागले दुसरे. जे हाती लागले ते आजही प्रत्येक टाळूवर दिसते, जे शोधायला घेतले ते त्यालाही दिसले नाही.

त्या काळी आलेख कागदावर निघत असे. झोपेच्या तपासणीत कागद सेकंदाला 10 मिलिमीटर सरकायचा, म्हणजे 30 सेंटिमीटरचे एक पान 30 सेकंदांचे. आठ तासांच्या रात्रीला 960 पाने आणि 288 मीटर कागद लागत असे. रात्रभर शाईच्या टाकांची खसखस ऐकत बसायचे आणि पानावर घडेल ते लिहायचे, हेच काम. पहाटे 3 वाजून 58 मिनिटांनी दादाच्या हनुवटीची रेघ सपाट झाली, डोळ्यांच्या दोन रेघा एकमेकींच्या विरुद्ध दिशेला झेपा घेऊ लागल्या. रेम झोप, म्हणजे डोळ्यांच्या जलद हालचालींची झोप, सुरू झाली; आता स्वप्न चालू असणार. चौदा मिनिटे तशीच गेली. पाय मोकळे करायला मी उठलो, कोपराचा धक्का लागला आणि चिमटे, कापसाचे बोळे आणि पेस्टच्या वाट्या असलेला स्टीलचा ट्रे फरशीवर आदळला. टाकांनी एकदम उड्या मारल्या. मी त्या जागी लिहिले, "4:12, ट्रे पडला, चूक माझी."

दादा जागा झाला आणि मला हाका मारू लागला. टाक ताळ्यावर आणून मी आत गेलो तेव्हा सव्वाचार झाले होते. त्याने सांगितलेले स्वप्न असे होते: तो नावेने एका बेटावर पोचला होता. तिथे एक प्रचंड घंटा ओतण्याचे काम चालू होते. पहिल्या दिवशी साचा भरला, दुसरा दिवस धातू निवण्यात गेला, तिसऱ्या दिवशी माती फोडून घंटा वर चढवली गेली आणि सगळे बेट श्वास रोखून उभे असताना दोर ओढला गेला. घंटा वाजली आणि तो जागा झाला. "तीन दिवस होतो मी तिथे," तो म्हणाला. नंतर उठून बसला आणि पुढची तीस वर्षे पुरेल असा प्रश्न त्याने मला विचारला: "ट्रे पडण्याच्या तीन दिवस आधी स्वप्नाला कसे ठाऊक होते, की शेवटी घंटा वाजणार आहे?"

हा प्रश्न पोरकट नाही. आल्फ्रेड मोरी या फ्रेंच विद्वानाने 1861 सालच्या आपल्या ग्रंथात अगदी असेच स्वप्न नोंदवले आहे: राज्यक्रांतीचा काळ, न्यायासनासमोर उभे राहणे, वधस्तंभापर्यंतची वाट, मानेवर पडणारे गिलोटिनचे पाते, आणि जाग आली तर पलंगाची दांडी सुटून मानेवर पडलेली. मोरीने निष्कर्ष काढला की ते सगळे लांबलचक स्वप्न दांडी पडल्यावर क्षणार्धात घडले असले पाहिजे. दादाचा निष्कर्ष उलटा, की स्वप्न पुढे जाऊन पाहून आले. माझा तिसरा: स्वप्न आधीपासून चालू होते, पण ते घंटेचे होते हे घंटा वाजल्यावर ठरले. नाव असेल, बेट असेल, माणसांची गर्दी असेल. ट्रेचा आवाज आला, त्याची घंटा झाली आणि जागे होऊन मला हाका मारण्याच्या तीन मिनिटांत स्मृतीने मागे जाऊन साऱ्या गर्दीला घंटेच्या कामाला लावले. काळ उलटा फिरला नाही, गोष्ट उलटी विणली गेली.

मोरीचे म्हणणे पुढे मागे पडले. असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी 1953 साली डोळ्यांच्या जलद हालचालींची झोप नोंदवली. त्यानंतर 1957 साली डिमेंट आणि क्लाइटमन यांनी ती झोप सुरू झाल्यापासून 5 किंवा 15 मिनिटांनी माणसांना उठवून, स्वप्न यांपैकी किती वेळ चालले होते असे विचारले, तेव्हा 111 पैकी 92 वेळा उत्तर बरोबर आले. पुढच्याच वर्षी झोपलेल्यांवर थंड पाणी शिंपडून पाहण्यात आले. न उठता ज्यांच्या स्वप्नात पाणी शिरले, त्यांच्या कथेत पाण्यापासून जागे होईपर्यंतचा भाग प्रत्यक्ष गेलेल्या वेळेशी जुळत होता. उंदरांमध्येही 2001 साली असे आढळले की रेम झोपेत दिवसाच्या धावपळीची मेंदूतली पुनरावृत्ती साधारण मूळच्याच गतीने चालते. म्हणजे स्वप्नातला काळ फारसा पळत नाही. चौदा मिनिटांत तीन दिवस बसतात ते नाटकात बसतात तसे: पडदा पडतो, उठतो, आणि दुसरा दिवस उजाडला असे आपण मानून घेतो.

दादाने हे शांतपणे ऐकून योगवासिष्ठातला लवण राजा काढला, ज्याने दरबारात बसल्या बसल्या घटकाभरात परक्या वस्तीत कित्येक वर्षांचा संसार केला आणि नंतर जाऊन पाहिले तर ती वस्ती खरोखर होती. मी म्हटले, तू बेट शोधून दाखव. यावर वहिनी हसली, हे त्याने मला अजून माफ केलेले नाही.

प्रामाणिकपणे सांगायचे, तर त्या आलेखाने दादाला खोटे पाडले नाही. चौदा मिनिटांच्या अठ्ठावीस पानांवर डोळे दिसतात, श्वास दिसतो, हनुवटी दिसते. घंटा दिसत नाही. पहिल्या पानावर स्वप्नात काय होते हे सांगणारा एकच साक्षीदार होता आणि तो तीन मिनिटे उशिरा बोलला. म्हणून मी करार मांडला. मी दादाला पन्नास पाकिटे दिली. सकाळी उठल्याबरोबर, वर्तमानपत्र उघडण्याआधी, स्वप्न लिहायचे, तारीख घालायची, चिकटवायचे आणि माझ्याकडे द्यायचे. ही कल्पना माझी नव्हे. वेल्समधल्या ॲबरफॅन गावात 1966 साली खाणीच्या मातीचा डोंगर घसरून 144 माणसे दगावल्यावर मनोविकारतज्ज्ञ डॉ. जॉन बार्कर यांनी लोकांना आपले पूर्वसंकेत कळवण्याचे आवाहन केले, 76 पत्रे आली, पण ती घटनेनंतर लिहिलेली होती, म्हणून पुढच्या वर्षी घटनेआधीच नोंदी घेणारे एक कार्यालयच लंडनमध्ये काढण्यात आले. दादाने सहा आठवड्यांत एकोणीस पाकिटे दिली आणि मग थांबला. उघडून पाहिली तेव्हा त्यांतले एकही कशाशी जुळले नव्हते. लिहायला बसले की स्वप्न बिथरते, असे त्याचे म्हणणे.

जिद्दीने मी स्वतःच वही सुरू केली. चौदा महिने, 341 स्वप्ने, सगळी निळ्या शाईत. त्यांतले एक जुळले आणि मी हादरलो. पंचवीस वर्षांत न भेटलेला एक वर्गमित्र छत्री घेऊन जिन्यावर उभा असलेला दिसला, आणि चार दिवसांनी तोच मित्र आपल्या वडिलांना तपासणीसाठी घेऊन आमच्या विभागाच्या जिन्यावर उभा. दादाला मी हे सांगितले नाही, पण इतरांना पुष्कळ सांगितले, अगदी रंगवून. दोनेक वर्षांनी कोणाला तरी पुरावा दाखवायचा म्हणून वही काढली. निळ्या शाईतली नोंद अशी होती: "शाळेतला कोणी मुलगा. जिना. पाऊस." 'मुलगा' या शब्दाच्या वर, ओळींच्या मधल्या जागेत, बारीक काळ्या शाईने त्या मित्राचे आडनाव घुसवलेले होते, आणि 'पाऊस' पुढे तशाच काळ्या शाईत 'छत्री'. अक्षर निःसंशय माझे. ते मी केव्हा लिहिले हे मला आठवत नाही, आजही आठवत नाही. मी लबाडी केली असे मला वाटत नाही. आठवलेला तपशील मी इमानदारीने भरला असणार, फक्त तो आठवला मित्र भेटल्यावर. माझ्या विभागातल्या टाकांना ही सोय नव्हती. कागद पुढे सरकला की संपले.

दादाचे दुसरे हत्यार म्हणजे जॉन विल्यम डन. या विमानरचनाकाराने 1902 साली स्वप्नात ज्वालामुखीच्या स्फोटात एका बेटावरची चार हजार माणसे मरणार असल्याचे पाहिले, आणि काही दिवसांनी आलेल्या वर्तमानपत्रात मार्टिनिक बेटावरच्या पेले पर्वताच्या स्फोटाची बातमी होती. अशा अनुभवांवरून त्याने 1927 साली काळाविषयी एक मोठा सिद्धांत मांडला. पण बातमीत आकडा चाळीस हजारांचा होता. डनने तो घाईत चार हजार असा वाचला आणि तब्बल पंधरा वर्षे तसाच समजून चालला. त्याने ही चूक स्वतःहून कबूल केली, हे त्याचे मोठेपण. त्यावरून त्याने काढलेला अर्थ असा की आपल्याला भविष्यातला स्फोट नव्हे, तर भविष्यातले आपलेच वर्तमानपत्र वाचणे दिसले होते. मला त्या चार हजारांत माझी काळी शाई दिसते.

काळप्रवासाचे भौतिकशास्त्र तुम्ही विचारले आहे म्हणून थोडक्यात. हाफेले आणि कीटिंग यांनी 1971 साली अणुघड्याळे विमानातून पृथ्वीभोवती फिरवली आणि त्यांच्या वेळेत सापेक्षतेने सांगितलेला सूक्ष्म फरक पडलेला आढळला. जीपीएसच्या उपग्रहांतली घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे 38 मायक्रोसेकंद पुढे जातात आणि ती दुरुस्ती करावीच लागते. त्यासाठी वेग आणि गुरुत्वाकर्षण लागते. गादीवर पडलेल्या माणसापाशी दोहोंपैकी काहीच वेगळे नसते.

आता तुमची तीन स्वप्ने. ती खरी होण्याआधी तुम्ही कुठे लिहिली होती का? लिहिली नसतील, तर ती तीन स्वप्ने नव्हेत, तीन आठवणी आहेत. दुसरे, तीन कशांपैकी? रात्रीत चार-पाच वेळा रेम झोप येते. वर्षाला ती दीड हजारांच्या वर भरते. त्यांतल्या तीन प्रसंगांनी तुम्हाला जागेपणी गाठले असेल, तर उरलेल्यांनी काय केले हे कोणी विचारत नाही.

आणि घरच्यांना जाऊन "मला आधीच कळले होते" असे कृपा करून म्हणू नका. हे वाक्य निरुपद्रवी नाही. त्या रात्रीनंतर सहा वर्षांनी आई गेली. मी रात्रपाळीवर होतो, पोचलो तेव्हा उशीर झाला होता. दादाने जमलेल्या सगळ्यांना सांगितले की तीन दिवसांपूर्वीच त्याला स्वप्न पडले होते: घराचे दार आतून बंद आणि आई बाहेर उभी. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तू लोकांच्या लहरी मोजत बसलास." मी सगळ्यांसमोर विचारले, की कळले होते तर तीन दिवसांत मला एक फोन का केला नाहीस? तो गप्प झाला. प्रश्न रास्त होता, पण ती वेळ नव्हती, हे मला आता कळते. बंद दाराचे स्वप्न त्याला खरोखर पडले असेलही. ते आईच्या जाण्याचे स्वप्न आहे हे त्याला आई गेल्यावर कळले, घंटेसारखेच. पण ते ऐकणाऱ्या प्रत्येकाला असे वाटत राहिले की तीन दिवस हातात होते आणि आपण ते घालवले. मला तर अजून वाटते.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. मी तंत्रज्ञ आहे, डॉक्टर नाही; एका भावाच्या एका रात्रीवरून आणि एका वहीवरून मी जे म्हणतो तो पुरावा नव्हे. स्वप्नात हातपाय झाडणे, अंथरुणातून पडणे, दिवसा झोप अनावर होणे असे काही असेल, तर ध्वनिफीत बंद करून आधी तपासणी करून घ्या. स्वप्न चालू असताना हे स्वप्न आहे याचे भान येणे मात्र थोतांड नाही. झोपलेल्या माणसाने ठरलेल्या नेत्रखुणा करून बाहेर इशारा दिल्याचे 1975 पासून नोंदले गेले आहे, आणि 2021 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तर स्वप्नात असलेल्यांनी आठातून सहा वजा करून उत्तर डोळ्यांनी कळवले. स्वप्नाच्या आत जायचे असेल, तर ही वाट अभ्यासण्यासारखी आहे. ती उद्याकडे जात नाही एवढेच.

चौथे स्वप्न पडले, तर ते त्याच सकाळी लिहून, पाकिटात घालून, तुमच्यावर सर्वांत कमी विश्वास ठेवणाऱ्या माणसाकडे द्या. पाकिटे मीच पाठवली असती. दादाला दिलेल्या पन्नासांपैकी एकतीस अजून कोरी आहेत. पण ती त्याच्या कपाटात आहेत, आणि मागितली तर तो ती परत देत नाही.